बाहेर न देण्याचे पुस्तक

शिक्क्यावरची वर्षाची रबरी पट्टी एकवीसला संपली.
तेव्हापासून दिवस आणि महिना फिरवतो,
वर्ष पेनानं लिहितो.
नव्या शिक्क्यासाठी अर्ज तीनदा केला आहे.

मारेगावच्या विधी महाविद्यालयाचं ग्रंथालय म्हणजे
एक लांब खोली, चौदा कपाटं
आणि मी, देवराव नगराळे, परिचर.
ग्रंथपालाची जागा रिकामी आहे.
बारा ऑगस्टला ग्रंथपाल दिनाचा हार येतो,
तो मी कपाटाच्या कडीला अडकवतो.

फलकावर वर्ष नीट लागलेलं असतं.
चौदा एप्रिलला अठरा तास वाचन:
पहाटे सहाला पोरं येतात,
रात्री अकराला कुणाची मान कुणाच्या खांद्यावर.
मी कुलरमध्ये पाणी ओततो, उठवत कुणाला नाही.

पावसाळ्यात उधई.
दंडसंहितेचं जुनं बाड तिनं आतून पोखरलं,
पुढं तो कायदाच बदलला.
तिला आधी कळलं असावं.
उरलेल्या खंडांत कडुनिंबाचा पाला घालतो.

बोंडं फुटली की खुर्च्या रिकाम्या.
निम्मी पोरं वेचणीला.
त्या दिवसांचा उशिराचा दंड मी लावत नाही.
असा नियम नाही.
नोंदवहीत कारणाच्या रकान्यात लिहितो: कापूस.

सव्वीस नोव्हेंबरला उद्देशिका, सगळे उभे.
पहिल्या 'आम्ही'ला आवाज मोठा,
मग वाक्य लांबत जातं,
आणि कुणीतरी माइक जवळ ओढतं.

लेतुबाई टेकाम फलकावर कधीच नव्हती.

बाजाराच्या दिवशी दाराशी टेबल टाकतो, मोफत सल्ल्याचं.
लोक प्लास्टिकच्या पिशवीतून सातबारा काढतात.
तिनं काही काढलं नाही. केस संपली होती, जिंकली होती.
"माहं नाव पुस्तकात छापलं म्हन्ते वकील. दाखव."

दोन तास लागले.
लाल पुठ्ठ्याचा खंड, पान आठशे बारा.
तिचं बोट धरून नावावर ठेवलं.
इंग्रजीत होतं, वर एक अक्षर चुकलेलं.
लेतुची रेतु झाली होती. सांगावं की नाही? सांगितलं.

"जमीन कोनाची लिवली?"
"तुमची."
"मंग राहू दे रं."

मग म्हणाली, एका रातीसाठी पोडावर नेऊ का.
पुठ्ठ्यावर लाल शाईत होतं: बाहेर देऊ नये.
त्या दिवशी मला नियम आठवला.

ती बसली. तळहातानं पान सारखं करत राहिली,
सारवताना करतात तसं.
निघताना मी मागच्या कोऱ्या चिठ्ठीवर शिक्का मारला.
"हे काय?"
"तुम्ही आलात, त्याची तारीख."

मग दर वर्षी, कापूस विकून झाला की,
ओच्यात बोरं घेऊन.
अकरा वेळा.

यंदा नाही आली.
पोडावरच्या पोराला बसस्टँडवर विचारलं.
आजी लेकीकडे, तेलंगणात, असं काहीसं म्हणाला,
बस सुटली होती.

पडताळणीचे साहेब आले.
"बाहेर न जाणाऱ्या खंडावर अकरा तारखा? कोण नेत होतं?"
"कोणी नाही."
"मग परत काय येत होतं?"

शेरा आहे: खुलासा मागवावा.
कागद टेबलावर आहे, वर 'महोदय' लिहून झालंय.

आज बाजार.
दिवस फिरवला, महिना फिरवला, वर्ष हातानं लिहिलं.
पान आठशे बारा उघडून ठेवलं.
पंख्यानं उलटत होतं,
म्हणून पावशेर बोरं आणली.